एक सभासद, दोन पाहुणे

१

त्या लाउंजमध्ये घोषणा होत नाहीत. बाहेर, सामान्य जनतेत, ‘शेवटची सूचना’ म्हणून कर्ण्यातून ओरडतात. इथे तुमचं विमान लागलं की होस्टेस येते, दोन बोटांनी खांद्याला स्पर्श करते आणि कानाशी कुजबुजते. सात नंबरच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्याला तिने तसाच स्पर्श केला, तशीच कुजबुजली. थोडं थांबून पुन्हा कुजबुजली. मग नियम मोडून तिने त्याचा हात हातात घेतला, आणि नियमाप्रमाणे, म्हणजे हळू आवाजात, किंचाळली.

म्हातारा म्हणजे अण्णा. नळांचे कारखानदार. अर्ध्या शहराचं पाणी त्यांच्या नळांतून येत होतं आणि घरातलं सगळं त्यांच्या बोटावर चालत होतं. मागच्या वर्षीच्या अर्धांगवायूने डावा हात नेला, आवाज कुजबुजीपुरता ठेवला. उजव्या हाताचं बोट मात्र शाबूत होतं, आणि अण्णांना तेवढं पुरत होतं.

मॅनेजरने आधी खुर्चीभोवती कुंड्यांची रांग उभी केली, शेजारच्या खुर्च्यांना फुकट पुडिंग पाठवलं, आणि मग डॉक्टरला बोलावलं. डॉक्टर म्हणाले, हृदय. वय झालं होतं. प्रकरण तिथेच मिटायचं.

मिटलं नाही, कारण अण्णांच्या मुलाने तक्रार दिली. माझा बाप इथे मरत होता आणि तुमची मुलगी टॉवेल वाटत फिरत होती, मला तिच्यावर गुन्हा दाखल झालेला पाहिजे, असं तो म्हणाला. मॅनेजरला ही कल्पना एकदम पटली. कंपनीवर येण्यापेक्षा मुलीवर आलेलं बरं. त्याने स्वतः पोलीस चौकीला फोन लावला.

त्यात दोघांनीही एक चूक केली. चौकीत त्या दुपारी कोण बसलंय, ते विचारलं नाही.

२

इन्स्पेक्टरबाई या विमानतळावर केस पांढरे होईपर्यंत नोकरी करत आल्या होत्या, पण लाउंजच्या आत कधी गेल्या नव्हत्या. दारात एक यंत्र होतं. सभासदाचा कोड दाखवला की हिरवा दिवा, दार उघडतं. बाईंकडे कोड नव्हता. त्यांनी घंटी दाबली.

रडून डोळे सुजलेली होस्टेस आली आणि सवयीने म्हणाली, “आपण सभासद की पाहुण्या, मॅडम?”

“मयताची पाहुणी.”

“त्यांचे दोन पाहुणे आत आहेत, मॅडम. तिसऱ्याला यंत्र घेत नाही.” मग तिला स्वतःचंच बोलणं ऐकू आलं आणि ती बाजूला झाली.

मॅनेजर धावत आला. बाई चालता चालता म्हणाल्या, “दोन पाहुणे म्हणजे काय भानगड?”

“एका सभासदाला दोन पाहुणे, मॅडम. सभासद आत असेपर्यंतच. मोजणी यंत्र करतं, आत येणाऱ्यांची आणि बाहेर जाणाऱ्यांचीही. पूर्वी दारावर माणूस होता, त्याला कमी केला.”

“आणि यांच्याबरोबर माणसं किती?”

“तीन. मुलगा, सून आणि मेहुणे.” मॅनेजरने आवाज आणखी उतरवला. “अण्णासाहेब दरवेळी दारात थांबायचे आणि बोटाने दाखवायचे, तू आणि तू. उरलेला बाहेर बसायचा. आज मुलगा बाहेर होता. निधनानंतर आम्ही त्यांना खास बाब म्हणून आत घेतलं, थेट बैठकीच्या खोलीत. विश्रांतिकक्षात सोडलेलं नाही.”

“बाप मेल्यावर लागला नंबर. बरं आहे.”

सात नंबरची आडवी होणारी खुर्ची विश्रांतिकक्षात होती. तिथे दाराशी बूट काढायचे होते. बाईंचे पाय सकाळपासून सुजलेले. त्यांनी बूट मांडणीवर ठेवले आणि गालिच्यावर पाय टेकवताच त्यांच्या तोंडून जो सुस्कारा निघाला तो मयताच्या घरी शोभला असता.

अण्णा आडवे होते. डोळ्यांवर लाउंजची मऊ पट्टी, तिच्यावर भरतकामात ‘उठवू नये’. बाईंनी पट्टी वर केली. खाली चष्मा होता. चष्म्याच्या आत डोळे सताड उघडे.

“झोपेत गेले असावेत,” डॉक्टर म्हणाले.

“डोळे उघडे ठेवून? आणि चष्म्यावरून पट्टी बांधून? डॉक्टर, तुम्ही झोपताना आधी चष्मा काढता की घरी कुणी दुसरं पट्टी बांधतं?”

बाईंनी अण्णांच्या वरच्या खिशातून गोळ्यांची डबी काढली. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायच्या गोळ्या. डबी भरलेली, झाकण घट्ट. मदतीचं बटण खुर्चीच्या उजव्या हातावर, बोट टेकलं तरी दिवा लागेल असं. अण्णांच्या डाव्या बाजूला, सोबतच्या माणसासाठी गादीची छान खुर्ची होती. ती कोरी होती. उजव्या बाजूला, जाण्यायेण्याच्या वाटेत, कुणीतरी पाय ठेवायचा बुटका चौरंग ओढून आणला होता.

“चांगली खुर्ची सोडून इथे कोण बसलं?” बाई स्वतःशीच म्हणाल्या.

बाहेर आल्या तर मांडणीवर बूट नव्हते. म्हणजे होते, पण ते त्यांचे वाटेनात. आरशासारखे चकचकत होते. नाड्या नव्याने ओवलेल्या, टोकं आत खोचलेली.

“आमची पद्धत आहे, मॅडम,” मॅनेजर अभिमानाने म्हणाला. “पाहुणा आत, तोवर बुटांना पॉलिश. विचारत नाही. विचारलं की पाहुण्याला संकोच वाटतो.”

“नवऱ्याने इतक्या वर्षांत नाही केलं,” बाई म्हणाल्या आणि बूट चढवले.

३

होस्टेस भांडी ठेवायच्या खोलीत एका खोक्यावर बसली होती. खर्चकपातीत दोघींचं काम तिच्या एकटीवर आलं होतं.

“मी लक्ष दिलं होतं, मॅडम. टॉवेल घेऊन गेले तेव्हा मुलगा त्यांच्याजवळ बसला होता. त्यांचा हात दोन्ही हातांत धरून. मी दोघांसाठी टॉवेल ठेवले. मला इतकं बरं वाटलं बघून.”

मॅनेजर दारातूनच म्हणाला, “मुलगा बाहेर होता. काहीही काय सांगतेस?”

“चेहरा पाहिलास का गं?” बाईंनी विचारलं.

“चेहऱ्याकडे पाहायचं नसतं, मॅडम. विश्रांतिकक्षात डोळ्याला डोळा द्यायचा नाही, असा नियम आहे. पाहुण्याला वाटतं, आपल्यावर नजर आहे.”

“मग मुलगा कशावरून?”

तिने विचार केला. “एवढं घट्ट धरलं होतं. मुलाशिवाय कोण धरणार?”

“कुठल्या बाजूला बसला होता?”

“वाटेत. चौरंगावर. मला वळसा घालावा लागला.”

“आणि अण्णा? झोपले होते?”

“मी पाहिलं नाही.”

“पट्टी होती डोळ्यांवर?”

“पाहिलं नाही, मॅडम.” ती बराच वेळ हातातल्या फडक्याला पीळ देत राहिली. “पण कुणी आपल्याकडे पाहत असलं ना, की न पाहताही कळतं.”

४

सूनबाई खिडकीजवळच्या सोफ्यावर सूप घेत होत्या. चेहरा नुकताच उजळून आणलेला, तुकतुकीत. दुःख त्यावरून घसरून पडत होतं.

“पट्टी तुम्ही बांधलीत ना?” बाईंनी बसायच्या आधीच विचारलं.

“बांधली. मग?” सूनबाईंनी चमचा खाली ठेवला नाही. “मी फेशियल करून आले तर अण्णा तसे. डोळे वटारून. घरी बघायचे तसेच बघत होते, म्हणून आधी लक्षातच आलं नाही.”

“आणि आल्यावर?”

“आल्यावर काय करायचं होतं? आरडाओरडा? इथे चालत नाही. आणि सभासद गेला की पाहुण्यांना उठवतात. मसाज राहिला होता माझा.” त्यांनी सूपचा एक घोट घेतला. “तुम्हाला वाटत असेल मी दगड आहे. गेल्या वेळी मी बाहेर होते. मला ताप होता, आणि हे दोघं आत बसून मला आइस्क्रीमचे फोटो पाठवत होते. अण्णांनी सांगितलं होतं पाठवायला.”

“हात कोण धरून बसलं होतं?”

“हात? अण्णांचा?” सूनबाई पहिल्यांदा हसल्या. “आमच्या घरात अण्णांचा हात कुणी धरत नाही. पायच धरतात.”

मामा, म्हणजे अण्णांचा मेहुणा, खाद्यपदार्थांच्या टेबलापाशी उभे होते. इन्स्पेक्टर दिसताच त्यांना हुंदका आला. त्यांनी खिशातून कागदी रुमाल काढून डोळे टिपले. पिवळा रुमाल, त्यावर टोपी घातलेली कोंबडी. मॅनेजरने तो रुमाल पाहून मान फिरवली. इथे हात पुसायलासुद्धा सुती कापड होतं.

“दाजींच्या उशाशी कोण होतं, ते विचारताय ना? मीच होतो. हात हातात घेऊन. शेवटपर्यंत.”

“बाहेर वगैरे गेला नाहीत मधे?”

“छे. बाहेर काय आहे? आपल्यासारखी माणसं बाहेर बसतात का?”

“सिगारेटचा वास येतोय तुम्हाला.”

“सकाळची असेल.”

“बरं,” बाई म्हणाल्या. “शेवटपर्यंत हात तुम्हीच धरला होता. लक्षात ठेवते. तुम्हीही ठेवा.”

५

मुलगा लाउंजच्या छोट्या बैठकीच्या खोलीत एकटा बसला होता. पायावर पाय टाकलेला, डावा हात खिशात. कारखाना तोच चालवायचा. म्हणजे तो चालवायचा आणि अण्णा थांबवायचे.

“त्या मुलीला अटक कधी करताय?” त्याने विचारलं.

“करू की. आधी तुमचं सांगा. तुम्ही कुठे होता?”

“बाहेर. बाकावर. लोखंडी बाक आहेत, बघितले असतील तुम्ही. पाठ मोडते.”

“दुपारभर तिथेच?”

“मला आत येता येत नव्हतं. यंत्र आहे ना.”

“रागावला असाल.”

“सवय आहे.” त्याने खांदे उडवले. “माझ्या लग्नातसुद्धा अण्णांनी मला मांडवाबाहेर उभं केलं होतं, सासऱ्यांची गाडी लावायला. आज बायकोच्या देखत बोट दाखवलं, तू आणि तू. मग मला जवळ बोलावलं. मला वाटलं, काही सांगायचंय. कानात म्हणाले, बाहेरच्या नळाचं पाणी पी, आपलाच आहे.”

बाई हसल्या नाहीत. त्या खाली बघत होत्या. मुलाचा वर टाकलेला पाय हलत होता आणि बुटाच्या टोकावर छताचा दिवा हलत होता.

“हात दुखावलाय का?”

“कुठला?”

“खिशातला.”

“नाही,” तो म्हणाला, आणि हात खिशातच राहिला.

“बसा,” बाई उठत म्हणाल्या. “सगळ्यांना इथेच बोलावते. तुमची तक्रार निकाली काढू.”

६

सगळे आले. होस्टेस दाराजवळ मान खाली घालून उभी राहिली. मॅनेजरने सगळ्यांना कॉफी विचारली. सूनबाईंनी घेतली.

“खून झालाय,” इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. “शस्त्र सांगते. माया.”

सूनबाई कॉफी ढवळत राहिल्या.

“अण्णांचा एकच हात चालत होता. उजवा. बटण त्या हाताशी, गोळ्या त्या हाताच्या टप्प्यात. कळ आली, डोळे उघडले, आणि तरी ना बटण दाबलं गेलं ना डबी उघडली. का? कारण कुणीतरी चांगली खुर्ची सोडून, मुद्दाम उजव्या बाजूला, वाटेत चौरंग ओढून बसलं होतं आणि तो एकुलता एक हात दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटलं, काय प्रेम आहे. ज्याने हात धरला, त्याने मारलं.” त्या मामांकडे वळल्या. “शेवटपर्यंत. नाही का मामा?”

मामांची कॉफी बशीत सांडली. “मी… मी नव्हतो.”

“मघाशी तुम्हीच होता.”

“मी बाहेर होतो हो. सिगारेट ओढायला गेलो. परत आलो तर यंत्राचा लाल दिवा. तीन वेळा कोड दाखवला. मागे माणसं उभी होती रांगेत. बघत होती.” त्यांचा आवाज बारीक झाला. “मग तिकडेच चिकन बर्गर खाल्ला. नंतर आलो तर दिवा हिरवा.”

“मग सांगितलं का नाहीत?”

मामांनी मॅनेजरकडे बघितलं, बाईंकडे बघितलं. “कसं सांगणार? लाउंजच्या दारातून परत पाठवलं म्हणून?”

“फासावर चढले असते, पण बाहेर बसलो होतो म्हणाले नसते,” बाई म्हणाल्या. “पण या वेळी खरं बोलताहेत. त्या कोंबडीचा रुमाल आत मिळत नाही. आता साधा हिशोब बघा. मामा बाहेर, आणि दिवा लाल. म्हणजे मामांची जागा भरली होती. अण्णांचा कोड कुणाकुणाकडे आहे?”

“आम्हा तिघांकडे,” सूनबाई म्हणाल्या आणि पहिल्यांदा त्यांनी कप खाली ठेवला. त्या नवऱ्याकडे बघत होत्या. “मी फेशियलला होते. आतच. तुम्ही आत आला होतात?”

“मी बाकावर होतो,” मुलगा म्हणाला.

इन्स्पेक्टरबाईंनी आपला पाय पुढे केला. “माझे बूट बघा. सकाळपासून धूळ खात होते. विश्रांतिकक्षात गेले आणि आले, तर हे असे. नाड्या पुन्हा ओवलेल्या, टोकं आत खोचलेली. इथे विचारत नाहीत, आपण पॉलिश करून टाकतात. आता मामांचे बघा. राखेसकट आले तसेच आहेत. आणि आता तुमचे बघा.”

सगळ्यांनी मुलाच्या पायांकडे पाहिलं. मुलानेही पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर एकच भाव होता, हे कधी झालं, असा.

“तुमच्या लक्षात आलं नाही, कारण तुम्ही घाईत होता. बाहेर आल्यावर मांडणीवरून घेतले, चढवले, निघालात. बरं, तो हात काढा आता बाहेर.”

त्याने काढला. हाताच्या पाठीवर चार नखं रुतलेली होती, ओळीने, चार लाल चंद्रकोरी.

“अण्णांची सही,” बाई म्हणाल्या.

मग मुलगा बोलला. आवाज शांत होता, लाउंजला शोभेल असा.

“मारायला नव्हतो आलो. मामा बाहेर पडताना दिसले, म्हटलं थोडा वेळ आत बसू. पाय पसरू. अण्णांनी डोळे उघडले, मला पाहिलं, आणि बोट दाराकडे केलं. बाहेर. मग तेच बोट बटणाकडे न्यायला लागले. मला वाटलं, आता माणसं बोलावून मला बाहेर काढणार. म्हणून हात धरला.”

“आणि कळ आलीय, हे कधी कळलं?”

“थोड्या वेळाने.”

“मग सोडला का नाही?”

त्याने आपल्या हाताकडे पाहिलं. “त्यांचा हात मी पहिल्यांदाच धरला होता. तो सुटायला धडपडत होता आणि सुटत नव्हता. असं आमच्यात आधी कधी झालं नव्हतं.” तो होस्टेसकडे वळला. “तू टॉवेल ठेवून गेलीस, तेव्हा ते जिवंत होते. तुझ्याकडेच बघत होते.”

हे सांगायची काही गरज नव्हती. पण तो अण्णांचा मुलगा होता.

७

मुलाला घेऊन गेले. तक्रार त्याचीच असल्यामुळे कागदावर फिर्यादी आणि आरोपी एकच झाला. बाईंनी होस्टेसला सांगितलं, “तुझ्यावर काही नाही. सुटलीस.”

मॅनेजरनेही तिला बाजूला घेतलं. “नियम तू पाळलास, त्याबद्दल कंपनीला आदर आहे,” तो हळू आवाजात म्हणाला. “पण पाहुणा तुझ्याकडे बघत मेला, हे उद्या छापून येणार. लोक खुर्चीत झोपताना तुझ्याकडे बघतील, आणि त्यांना ते आठवेल. तू समजूतदार आहेस.” आणि त्याने हात पुढे केला. तिने छातीवरचा बिल्ला काढून त्या हातावर ठेवला.

इन्स्पेक्टरबाई तोंड उघडणार होत्या. पण नोकरीवरून काढणं हा गुन्हा नाही, आणि बाकी कशात त्यांचा अधिकार चालत नव्हता.

स्ट्रेचर निघालं. अण्णांना मागच्या दाराने, सामानाच्या लिफ्टमधून नेलं. पुढच्या दाराने नेलं असतं तर पाहुण्यांना संकोच वाटला असता. सात नंबरच्या खुर्चीवर नवं कापड आलं, नवी पट्टी आली. अण्णांचे बूट मांडणीवर राहून गेले होते. चकचकीत.

सूनबाई सोफ्यावरच होत्या. त्यांनी हात वर केला. “अगं ए, मसाजची वेळ माझी होती ना? आणि हे सूप गार झालंय.”

होस्टेस गेली. पोशाख तोच, फक्त छातीवर बिल्ल्याच्या पिनेची दोन भोकं. तिने सूप उचललं. दोन बोटांनी सूनबाईंच्या खांद्याला स्पर्श केला आणि कानाशी वाकली.

“मॅडम, सभासद बाहेर गेले. आता पाहुण्यांना थांबता येणार नाही.”

“तू कोण गं मला सांगणारी?”

होस्टेस सरळ उभी राहिली. नोकरी लागल्यापासून तिने एकाही पाहुण्याच्या डोळ्यांत पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. सूनबाईंची नजर खाली जाईपर्यंत पाहत राहिली.

“चला,” ती म्हणाली. “बाहेर लोखंडी बाक आहेत. मीही तिकडेच निघालेय.”